कळलावीनं बिघडवलेला पियानो

तिला कळलावी हे नाव मामानं ठेवलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि तोवर तिनं कुणाही दोघांत भांडण लावलेलं नव्हतं. उलट घरात आवाज चढले की ती उठून भांडी घासायला जायची. पण मामाच्या कारखान्यात पियानोच्या पट्टीला कळ म्हणायची पद्धत होती, आणि ही मुलगी दिवसभर खाली मान घालून कळा लावत बसायची. म्हणून कळलावी. गिऱ्हाइकं हसायची, मामा हसायचा, तीही हसल्यासारखं करायची. पुढे नाव इतकं चिकटलं की बँकेतला माणूस सोडला तर तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

तिची आई मामाची धाकटी बहीण. बाप कामासाठी परगावी गेला आणि तिकडचाच झाला. आईनं दोन वर्षं वाट पाहिली, मग मुलीला घेऊन भावाच्या दारात आली. मामानं बहिणीला काही विचारलं नाही. भाचीला म्हणाला, "हात दाखव." भाजी निवडावी तशी त्यानं तिची बोटं उलटसुलट करून पाहिली, तळव्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "घाम येत नाही. चालेल."

कारखाना म्हणजे एका छापखान्याच्या मागची लांबट खोली. दोन टेबलं समोरासमोर, खिडकीला काच, काचेवर धूळ. पियानोची कामं दोन प्रकारची. एक तारांचं, म्हणजे सुराचं. ते मामा करायचा. दुसरं आतल्या लाकडी सांगाड्याचं, म्हणजे स्पर्शाचं. ते तिच्याकडे आलं. कळ दाबली की तिचं मागचं टोक वर जातं, तिथला सांगाडा हातोडी उचलतो, हातोडी तारेकडे धावते, आणि तारेपासून तीन मिलिमीटरवर सांगाडा तिला सोडून देतो. उरलेलं अंतर हातोडीनं आपल्या जोरावर कापायचं. सोडायला उशीर झाला तर ती तारेला चिकटून बसते आणि सूर घुसमटतो. लवकर सोडलं तर तारेपर्यंत पोचतच नाही. हातोडी तारेपासून पंचेचाळीस मिलिमीटरवर विसावली पाहिजे, कळ दहा मिलिमीटर खाली गेली पाहिजे, आणि हे सगळं अठ्ठ्याऐंशी वेळा, एकसारखं.

"सुराची तारीफ सगळे करतील," मामा पहिल्याच आठवड्यात म्हणाला. "तुझ्या कामाची कुणी करणार नाही. काम चांगलं झालं तर वाजवणाऱ्याला वाटणार, आज आपला हातच चांगला लागलाय."

ती म्हणाली, "बरं."

हत्यारं मामाच्या बापाच्या वेळची. जाड कापडाच्या गुंडाळीत ओळीनं खोचलेली. वाकड्या टोकाच्या सळया, स्प्रिंगा ओढायचे आकडे, चपट्या तोंडाची पक्कड, कळीची खोली मोजायचा लाकडी ठोकळा, पितळी वजनं. आणि बिस्किटांच्या एका डब्यात कागदाच्या गोल चकत्या, काही पुठ्ठ्याएवढ्या जाड, काही कांद्याच्या सालीएवढ्या पातळ. कळ जास्त खोल जात असेल तर तिच्याखाली चकती घालायची, कमी जात असेल तर काढायची. पहिला महिनाभर मामानं तिला दुसरं काही करूच दिलं नाही. चकती घाल, ठोकळा ठेव, बोट फिरव, चकती काढ. सहाव्या महिन्यात ती ठोकळ्याशिवाय नुसत्या बोटानं सांगायला लागली, ही कळ केसभर खोल आहे.

माप हा मामाचा एकमेव धर्म होता. "शिंपी माणूस बघून माप घेतो," तो म्हणायचा. "आपण शिंपी नाही. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस, मग वाजवणारा पैलवान असो की पाच वर्षांचं पोर."

अशी बत्तीस वर्षं गेली. मधे एकदा तिचं लग्न ठरलं होतं. वह्या-पेनांचं दुकान असलेला माणूस होता, बरा होता. मग त्याच्या घरच्यांनी कळवलं की नको. त्या दिवशी कारखान्यात एका मोठ्या पियानोचा नमदा, म्हणजे आतली दाबलेल्या लोकरीची गादी, बदलायचा होता. तिनं तो बदलला. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी ती टेबलापाशी हजर होती. मामी शेजारणीला म्हणाली, "हिच्या आत काय आहे, देवालाच ठाऊक." कळलावीनं ते ऐकलं आणि तिलाही वाटलं, खरंच, काय आहे? तिनं आत चाचपून पाहिलं. काही हाताला लागलं नाही. वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण ते वाईट वाटणं दुसऱ्या खोलीत चालू असलेल्या रेडिओसारखं होतं. आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत.

तर एका मंगळवारी सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, मामा एका नृत्यवर्गाच्या पियानोचे सूर लावत होता. वय एकाहत्तर. ती समोरच्या टेबलावर पक्कड घेऊन एक अडकणारी कळ सैल करत होती. मामाच्या हातातली तारा पिळायची चावी खाली पडली. त्यानं ती डाव्या हातानं उचलली, उजव्या हातात दिली, ती पुन्हा पडली. मामानं उजवा हात चेहऱ्यासमोर धरून नीट पाहिला.

"कळलावे," तो म्हणाला, "हा हात कोणाचा आहे गं?"

तिला वाटलं थट्टा करतोय. मान वर केली तर त्याच्या ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली. ती त्याच्या पायाशी बसून गेली. दवाखान्याच्या बोळात सहा खुर्च्या एका लोखंडी दांड्यावर बसवलेल्या होत्या. चौथी इतरांपेक्षा तीनेक मिलिमीटर खाली होती. ती तिच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं मामी आली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून.

"कसे पडले हे?"

"ते नाही पडले. हात पडला," कळलावी म्हणाली.

मामीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिच्याही डोक्यात काहीतरी झालंय.

मामा वाचला. चौथ्या दिवशी बोलायला लागला, शब्द जरा जड, पण बोलणं त्याचंच. पाय काठीच्या आधारानं चालला. हात तेवढा राहिला. "हलतो," डॉक्टर म्हणाले, "पण जोर नाही, आणि त्याला काही जाणवत नाही. सवयीनं थोडा सुधारेल. किती, ते सांगता येत नाही."

कारखाना तिनं चालू ठेवला. तारांच्या कामासाठी पुलापलीकडच्या ट्यूनरला बोलावलं. त्याला मामा तीस वर्षं पाठीमागे बेसूर म्हणायचा. तो आला, टोपी काढून टेबलावर ठेवली, मामाच्या रिकाम्या स्टुलाकडे एकदा पाहिलं आणि उभ्यानंच सगळं काम केलं. जाताना म्हणाला, "त्यांना माझा नमस्कार सांगा." तिनं सांगितला. मामा म्हणाला, "वरचे सूर चढे ठेवले असतील मेल्यानं." ठेवले होते.

दीड महिन्यानं मामा घरी आला. घरात बाहेरच्या खोलीत त्याचा स्वतःचा उभा पियानो होता. मामी त्याला कपाट म्हणायची, कारण त्याच्यावर औषधं, चष्मे, लोकरीचे गुंडे, सगळं काही मावायचं. व्यायाम घेणारी मुलगी पियानो बघून खूश झाली. म्हणाली, "आजोबा, वेगळं काही करायलाच नको. रोज अर्धा तास उजव्या हातानं वाजवा."

मामानं तिच्यासमोरच हात ठेवला. अंगठ्याशेजारचं बोट कळीवर टेकवलं आणि दाबलं. कळ अर्धी खाली गेली, हातोडी उठली, तारेच्या अलीकडे थांबली आणि परत बसली. आवाज आला नाही. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा आला नाही. मग त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि झाकण लावलं.

पुढचे पंधरा दिवस तो त्या बंद झाकणासमोर बसून होता. मामीनं कळलावीला स्वयंपाकघरात ओढलं.

"काहीतरी कर गं."

"हाताचं मी काय करणार, मामी?"

"हाताचं कोण म्हणतंय? त्या कपाटाचं कर. तुम्ही दोघं आयुष्यभर तेच करत आलात ना? ते जड आहे, तर हलकं कर."

"मामांना चालणार नाही."

"त्यांना सांगायचंच कशाला?"

मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारी त्याला आपल्या गाडीतून व्यायामाला घेऊन जायचे, दोन ते पाच. त्या वेळात तिनं काम केलं. पहिल्या दिवशी मामीनं कपाटावरचा संसार उतरवला, तिनं पुढची फळी काढली, तीन खुंट्या फिरवून सांगाडा सोडवला आणि काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसा उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवला. हातोड्या ज्या दांडीवर टेकतात, तिच्या मागे तिनं सात मिलिमीटर जाड नमद्याचा पट्टा चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून बसवला. सगळ्या हातोड्या तारांच्या जवळ सरकल्या. पंचेचाळीसच्या अडतीस झाल्या. खरं म्हणजे मामाला गरज उजव्या बाजूचीच होती, पण दांडी सगळ्यांची एकच, त्यामुळे डावी बाजूही बदलली. त्याला इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक कळीच्या मागच्या टोकावरचा बुटका स्क्रू दीड वळसा वर घेतला. अठ्ठ्याऐंशी वेळा. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी कळांखाली चकत्या घातल्या, दहाची खोली साडेआठवर आणली, स्प्रिंगा सैल केल्या, लाकडाची भोकं पकडीनं हलकी दाबून मोकळी केली. पितळी वजनं ठेवून पाहिलं. जी कळ बावन्न ग्रॅमला खाली जायची, ती आता चौतीसला जात होती.

हे सगळं चूक होतं. कुठल्याही गिऱ्हाइकाकडे तिनं असा पियानो पाहिला असता तर कुणी बिघडवला म्हणून विचारलं असतं. पण काम करताना तिला ना चोरी केल्यासारखं वाटलं, ना उपकार केल्यासारखं. हात चालत होते.

एक अडचण राहिली. तिच्या बोटाला कळ हलकी लागत होती, पण मामाच्या बोटाला कशी लागेल? तिच्या बोटात जाण होती, त्याच्या नव्हती. तिनं थोडा विचार केला आणि स्वतःच्या उजव्या हातावर बसली. मामी भाजी निवडत होती, ती बघतच राहिली.

"हे काय चाललंय?"

"हात झोपवतेय."

पंधरा मिनिटांनी हात पुरता बधिर झाला. तिनं तो डाव्या हातानं उचलून कळांवर ठेवला. बोट दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं तिच्याकडे पाहत होतं. तिनं दाबलं. किती दाबलं ते तिला समजलं नाही. सूर आला.

शनिवारी सकाळी मामीनं झाकण उघडून ठेवलं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं चहा करायला गेली. कळलावी दारापाशी उभी होती. मामा बराच वेळ कळांकडे बघत बसला. मग त्यानं उजवा हात उचलून ठेवला. पहिलं बोट दाबलं. सूर आला, बारीक, पण स्वच्छ. दुसरं. तिसरं. चौथं जरा अडखळलं, पण आलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. मामी हातात कप घेऊन तिथेच थांबली.

मामाचा चेहरा हलला. हसला असं म्हणता आलं असतं. आणि मग, आयुष्यभराच्या सवयीनं, त्याचा डावा हात वर आला आणि त्यानं खालचे तीन सूर एकत्र दाबले.

हात तिथेच थबकला. त्यानं एक कळ सुटी दाबली, अगदी सावकाश, तळाला टेकेपर्यंत. मग दुसरी. डाव्या हाताला सगळं जाणवत होतं.

"कोणी केलं हे?"

"मी," कळलावी म्हणाली.

"किती?"

"अडतीस. खोली साडेआठ."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मामानं मान खाली घातली. "बत्तीस वर्षं शिकवलं ते याच्यासाठी? हा पियानो आहे? खेळणं आहे हे."

"अहो, पण वाजलं ना!" मामी कडाडली. "पोरीनं चार दिवस कंबर मोडून काम केलं आणि तुम्ही..."

"तू मधे पडू नकोस." मग कळलावीकडे न बघता, "होतं तसं कर."

"नाही," ती म्हणाली.

मामीनं हातातला कप खाली ठेवला. तिलाही आपलाच आवाज परका वाटला. मामाला तिनं नाही म्हटल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

"का?"

तिनं खरं कारण शोधून पाहिलं. सापडलं ते फार साधं होतं. "दमलेय मी, मामा."

ती चहा पिऊन निघून गेली.

आठवड्यानं मामीचा फोन आला. "अगं, हे ती पुढची फळी काढ म्हणाले. मी काढली. आता चिमटा घेऊन बसलेत. काय करतायत विचारलं तर सांगत नाहीत." कळलावीला न बघताच समजलं. तो एकेक कळ उपसून तिच्याखालच्या चकत्या काढत होता, मागचा स्क्रू दीड वळसा खाली घेत होता आणि स्प्रिंग पुन्हा ताणत होता. डाव्या हातात चिमटा, आणि कळ धरून ठेवायला उजवा. उजव्या हाताला धरलेलं जाणवायचं नाही, म्हणून तो बघत राहायचा. कळ निसटून पडायची, मग पुन्हा. पहिल्या आठवड्यात दोन कळा झाल्या.

"व्यायामाची मुलगी म्हणते, यापेक्षा चांगला व्यायाम नाही," मामीनं पुढच्या फोनवर सांगितलं. "मी म्हटलं, बाई, हा व्यायाम नाही, हा राग आहे."

कळलावी दर रविवारी जायची. पियानो आता ना इकडचा होता ना तिकडचा. मामानं सुधारलेल्या कळा नमद्याच्या पट्ट्यामुळे ढिल्या खुळखुळायच्या, बाकीच्या उथळ होत्या. तो त्याबद्दल बोलायचा नाही, तीही विचारायची नाही. हवा, औषधं, पुलापलीकडचा बेसूर, एवढंच. एकदा त्यानं विचारलं, "आता वरचे सूर कसे ठेवतो?" ती म्हणाली, "चढेच." तो समाधानानं मान हलवून जेवायला बसला.

पाच महिने लागले. मग एका रविवारी तो म्हणाला, "पट्टा काढायचाय. त्याला दोन हात लागतात." तिनं सांगाडा उतरवला, चुका उपटल्या, नमदा काढून गुंडाळून ठेवला, सांगाडा परत चढवला. हातोड्या मागे जाऊन बसल्या.

"तपास," मामा म्हणाला.

तिनं ठोकळा घेतला आणि खालच्या टोकापासून सुरू केलं. मामा शेजारी काठीवर हनुवटी टेकून बसला. अर्ध्यावर आल्यावर तो म्हणाला, "काम मात्र स्वच्छ केलं होतंस. मी एकेक मोजली काढताना. अठ्ठ्याऐंशीत एकही इकडची तिकडे नव्हती."

तिचं बोट त्रेचाळिसाव्या कळीवर होतं. ते तिथेच राहिलं. तिच्या लक्षात आलं की पुढचा आकडा आपण विसरलोय, आणि ती पुन्हा पहिलीपासून मोजायला लागली.

"चार चुकल्यात," शेवटी ती म्हणाली. "अकरा, तीस, एकतीस आणि सत्तर. अर्धा मिलिमीटर."

"जास्त की कमी?"

"जास्त."

"मग मी लावतो."

त्याला आणखी बारा दिवस लागले. त्यानंतरच्या रविवारी तिनं मोजलं तेव्हा सगळं बरोबर होतं. मामानं उजवं बोट मधल्या कळीवर ठेवून दाबलं. हात पूर्वीपेक्षा बराच सुधारला होता, तो आता चमचा धरायचा, शर्टाची दोन बटणं लावायचा. हातोडी उठली, तारेच्या अगदी जवळ गेली आणि परत आली. आवाज आला नाही. त्यानं तीच कळ डाव्या बोटानं दाबली. भरघोस, गोल सूर खोलीभर पसरला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मामीनं औषधं आणि चष्मे उचलून परत कपाटावर मांडले. पुढे मामा तीन वर्षं जगला. रोज तासभर डाव्या हातानं वाजवायचा, उजवा मांडीवर. कारखान्यात तो पुन्हा आला नाही. घरी ठेवलेली हत्यारांची गुंडाळी त्यानं तिला देऊन टाकली, तेही "ती घेऊन जा, इथं झुरळं लागतात" एवढंच म्हणून.

पण हे नंतरचं. त्या रविवारी संध्याकाळी कळलावी बसनं आपल्या खोलीवर आली, दार लावलं, चपला न काढताच पलंगाच्या कडेवर बसली आणि आडवी झाली. जाग आली तेव्हा ऊन पायांपर्यंत आलं होतं. सोमवार होता, दुपारचे दोन वाजले होते. बत्तीस वर्षांत ती कारखान्यात न कळवता गैरहजर राहिली नव्हती. फोनवर पुलापलीकडच्या ट्यूनरचे चार निरोप होते, शेवटच्यात तो जरा घाबरलेला वाटत होता.

तिनं त्याला फोन लावला.

"आजारी आहात का?" त्यानं विचारलं.

"नाही. झोपले होते."

"बरं बरं. इथे कारखान्याच्या दारात एक बाई आल्यात, म्हणतात पियानो जड झालाय. काय सांगू?"

"उद्या या म्हणावं," ती म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.